शिळं पेट्रोल

दुसऱ्याच्या मोटारसायकलची टाकी उघडून तिच्यात नाक घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दुर्दैवानं तो माझा घरमालक होता. मी शाळेतून येऊन अंगणात गाडी लावायचो आणि बूट काढेपर्यंत अण्णा टाकीचं झाकण उघडून वाकलेले असायचे. एक लांब श्वास घ्यायचे, डोळे मिटून थोडं थांबायचे आणि मग निकाल सांगायचे.

"कुठं भरलंव सर ह्ये? मागल्या हप्त्यातलं हाय."

कालच भरलंय असं सांगितलं तर म्हणायचे, तुमी काल भरलंव, पर ते पंपावर कवा आलतं? मग अण्णा समाधानानं झाकण लावायचे आणि हात धुवायला जायचे.

युसूफ वडगावच्या हायस्कूलात नोकरी लागली तेव्हा मी त्यांची खोली बघायला गेलो होतो. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. गाडी कोणती आहे एवढंच विचारलं. गाडी जुनी आहे, टाकीखाली हातानं फिरवायची तोटी आहे, असं सांगितल्यावर खोली लगेच मिळाली. मला वाटलं, चला, साधा माणूस भेटला. त्या तोटीचं महत्त्व मला पुढे कळलं, आणि तोवर माझं सामान लागून गेलं होतं.

अण्णांकडे बोट होती. कोकणात हे वाक्य कोणी दोनदा वाचणार नाही, पण आमच्या जिल्ह्यात माणसाकडे ट्रॅक्टर असतो, फार तर जेसीबी असतो. अण्णा मांजरा धरणाच्या कचेरीत कारकून होते. तिथली पाहणीची जुनी बोट भंगारात काढली तेव्हा ती त्यांनी घेतली. फायबरची, मागं इंजिन लावलेली, मागच्या बाकड्याखाली पेट्रोलची टाकी असलेली बोट. रंग देऊन, इंजिन दुरुस्त करून त्यांनी ती ट्रॉलीवर घालून गावात आणली. कशाला घेतली असं कोणी विचारलं की म्हणायचे, फिरायला. त्या साली धरणात गुरांना पाजायलाही पाणी नव्हतं. "फिरायला" या एका शब्दावर गाव पुढे कितीतरी वर्षं हसत होतं.

बोट गोठ्यात उभी राहिली. म्हशीच्या शेजारी. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या, माई, म्हणजे अण्णांच्या पत्नी, सकाळी बाकड्याखाली हात घालून ती काढायच्या. पण टाकीतलं पेट्रोल मात्र ताजं असलं पाहिजे, असा अण्णांचा दंडक होता. पाणी नसलं म्हणून काय झालं, पाणी काय सांगून येतंय का, असं ते विचारायचे.

त्यांचं म्हणणं असं की पेट्रोल हे दुधासारखं असतं, ते नासतं. पेट्रोलमधला जो हलका भाग असतो, ज्याच्यामुळे इंजिन चटकन पेट घेतं, तो उडून जातो. मागं राहतो तो जड भाग, त्याचा चिकटा होतो, तो चिकटा कार्बोरेटरच्या बारीक भोकात जाऊन बसतो. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये उसाचं स्पिरिट घालतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी टाकीच्या तळाला जातं, आणि इंजिन तर तळातूनच पितं. हे सगळं ते इतक्या शांतपणे सांगायचे की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी भयंकर करत आलोय असं वाटायचं. मी एकदा शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, बरोबर आहे की. यातलं काहीच खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. वेडा माणूस चुकीचं बोलत असला म्हणजे त्याला सोडून देता येतं.

उसाच्या स्पिरिटचा त्यांना विशेष राग. शिरूर कासारकडचे आपलेच लोक बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊस तोडायला जातात आणि त्याच उसाचं पाणी शेवटी माझ्या टाकीत येतं, असं ते म्हणायचे. जणू कारखान्यांनी हा बेत त्यांच्या बोटीसाठीच आखला होता. खिडकीत त्यांची एक उभी काचेची बाटली असायची. तिच्यात थोडं पेट्रोल, थोडं पाणी घालून ते हलवून ठेवायचे आणि मधली रेघ कुठं येते ते बघत बसायचे. रेघ वर सरकली, म्हणजे पेट्रोलमधलं स्पिरिट पाण्यात उतरलं, की घरात सुतक. माई हळूच मला खुणेनं सांगायच्या, आज काही बोलू नका.

आता तोटीकडे येतो. पंपावर कॅनमध्ये, डब्यात पेट्रोल देत नाहीत. गाडीच्या टाकीत मात्र हवं तेवढं देतात. अण्णांकडे गाडी नव्हती, माझ्याकडे होती, आणि तिला तोटी होती. म्हणजे मी भाडेकरू नव्हतोच, मी टँकर होतो.

दर पंधरवड्याच्या रविवारी, उजाडायच्या आत, आम्ही अंबाजोगाईला जायचो. वडगावच्या पंपाचा खप कमी, तिथलं पेट्रोल जमिनीखाली पडून राहतं. केजचं बरं, पण विश्वासाचं नाही. अंबाजोगाईच्या एका पंपावर सतत गर्दी, म्हणून तिथं माल ताजा. उजाडायच्या आत यासाठी की जमीन गार असते. मी थंडीत कुडकुडत गाडी हाकायचो आणि मागं बसलेले अण्णा कानाशी मला पेट्रोलच्या घनतेबद्दल सांगायचे. टाकी गळ्यापर्यंत भरून घरी यायचं. मग अण्णा तोटीची नळी काढून ते ताजं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात उतरवून घ्यायचे आणि बोटीच्या टाकीतलं जुनं माझ्या गाडीत ओतायचे. ताजं बोटीला, शिळं मला. वर माझ्यावर उपकार केल्यासारखं म्हणायचे, तुमचं पेट्रोल फुकट झालं बगा सर.

त्या फुकटच्या पेट्रोलनं माझी गाडी हळूहळू दमेकरी झाली. केजच्या मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडला आणि मी गाडीत रॉकेल घालतो का असं विचारलं. माझ्या चुलतभावाचं लग्न नेकनूरला होतं. केज ओलांडलं आणि गाडी थांबली. मी कडब्याच्या टेम्पोत बसून मंडपात पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती उठत होत्या, आणि माझ्या नव्या सदऱ्यावर कडबा चिकटला होता. घरी येऊन मी अण्णांना चांगलं सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता, उलट त्यांना आपलंच म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटत होतं. म्हणाले, आन हीच टाकी बोटीला आसती तर? तिथं टेम्पो येतंय का?

आता गंमत अशी की हा माणूस स्वतः सगळं शिळं खायचा. माई चुलीवरून गरम भाकरी ताटात टाकायच्या, ती हे बाजूला सारायचे आणि शिंकाळ्यातली कालची काढायला लावायचे. कालची भाकरी, दूध, वर मिरचीचा ठेचा. पेपर कालचा वाचायचे, म्हणायचे आजच्यात खात्रीचं काही नसतं. भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, कारण त्यावरचं चित्र चांगलं होतं. सदरा तीन दिवसांचा. माई म्हणायच्या, ह्या घरात ताजं फकस्त पेट्रोल हाय.

काही काळ त्यांचा असा सिद्धांत होता की टाकी काठोकाठ भरलेली असावी. टाकीत रिकामी जागा राहिली की तिच्यात हवा, हवेत दमटपणा, दमटपणाचं पाणी. मग कधीतरी त्यांचं मत फिरलं. भरलेली टाकी म्हणजे नासायला जास्त माल. टाकी कोरडी ठेवावी, निघायच्या दिवशी ताजं घालावं. या दोन मतांमध्ये त्यांनी सगळा एक उन्हाळा घालवला. आज भरायची, उद्या रिकामी करायची. सगळी ने-आण माझ्या टाकीतून. शेवटी कोरडीच्या बाजूनं निकाल लागला, आणि मी देव पावल्यासारखा सुस्कारा सोडला. त्या निकालाचं पुढं काय होणार आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

दुष्काळातली एक गोष्ट गाव अजून विसरलेलं नाही. इंजिन नुसतं उभं ठेवलं तरी आत पेट्रोलचा चिकटा बसतो, म्हणून ते अधूनमधून चालवावं लागतं, आणि ते पाण्याशिवाय चालवलं तर तापून जळतं. म्हणून अण्णा इंजिनाचा पंख्याकडचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून ते चालू करायचे. गावात तेव्हा टँकरनं पाणी येत होतं. बायका सकाळपासून घागरी मांडून बसलेल्या, आणि अण्णांच्या गोठ्यातून इंजिनाचा आवाज आणि पिंपातलं पाणी घुसळल्याचा आवाज. समोरच्या आळीतल्या बायका कासोटा खोचून आल्या. त्यांनी अण्णांना जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. अण्णांनी पाणी वाया जात नाही, हेच पाणी पुन्हा वापरतो, म्हणून समजावायचा प्रयत्न केला. पिंपावर तेलाचा तवंग तरंगत होता. त्या दिवशी माईंनी आपल्या घरातल्या दोन घागरी त्या बायकांना भरून दिल्या आणि दिवसभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

माई तशा फार बोलणाऱ्या नव्हत्या. एकच मागणं त्यांनी त्या बोटीकडे केलं होतं.

त्यांचं माहेर धरणात गेलेलं. गाव उठून दुसरीकडे वसलं, देवीची मूर्तीही नव्या गावात गेली, तिथं चांगलं सिमेंटचं देऊळ झालं. पण जुन्या गावाचं सगळ्यात उंच टेकाड बुडालं नाही. त्यावर एक लिंब आहे आणि लिंबाखाली देवीचा मूळ तांदळा, शेंदूर लावलेला दगड. नवरात्रात अष्टमीला गावच्या लेकींनी तिथं जाऊन त्या दगडाला कुंकू लावायचं आणि ओटी भरायची, अशी रीत. सुनांनी नाही, बाप्यांनी तर दगडाला हातही लावायचा नाही, फक्त लेकींनी. दुष्काळात धरण आटलेलं असायचं तेव्हा माई भेगाळलेल्या तळातून चालत जायच्या. मग चांगले पाऊस झाले, धरण भरलं, सगळा जिल्हा आनंदला, आणि माईंचं टेकाड चारी बाजूंनी पाण्यात गेलं. बाकीच्या लेकी नव्या देवळात जायला लागल्या. माई म्हणायच्या, मूर्ती तिकडं गेली, देवी तिथंच हाय.

आता पाणी होतं आणि बोटही होती. बोट अण्णांच्या पाण्याकाठच्या शेतात नेऊन ठेवली होती, तिथून टेकाडावरचा लिंब डोळ्यांना दिसायचा. पाणी आल्यावर मला वाटलं होतं, आता माझी सुटका झाली. पण अण्णा बोट पाण्यात घालायचे, काठाकाठानं एक चक्कर मारायचे आणि परत यायचे. टेकाडाकडे कधी वळले नाहीत. माईंना कधी बसवलं नाही. एका नवरात्रात बाटलीतली रेघ वर गेली होती. एका नवरात्रात पंपावर पेट्रोलचा रंग त्यांना जरा गडद वाटला. त्या अष्टमीला माई ओटीचं ताट घेऊन काठावर उभ्या होत्या, हिरवी साडी नेसून, आणि अण्णा टाकीत नाक घालून म्हणाले, आज न्हाई. माईंनी काठावरूनच लिंबाकडे बघून हात जोडले आणि ताट परत आणलं. नवराबायकोमध्ये भाडेकरूनं काय बोलायचं.

पुढच्या वर्षी माईंच्या डोळ्यांचं निघालं. साखर पुष्कळ दिवसांची, आणि तिनं डोळ्यांचा पडदा खाल्ला होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं टिकलं तर नशीब समजा. माई सुईत दोरा ओवायला मला हाक मारायला लागल्या. मग तांदूळ निवडायचं सोडलं. मग एकदा माझ्या खोलीत चहा घेऊन आल्या आणि कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटल्यावर त्या खाली बसून तुकडे चाचपायला लागल्या, मी त्यांचे हात धरून उठवलं. नवरात्र पंधरवड्यावर आलं होतं. त्या उठता उठता म्हणाल्या, "सर, ह्यांना सांगा. अवंदा एकदा मला तिथं न्या. आजून थोडं दिसतंय."

मी सांगितलं. अण्णांनी मान हलवली आणि अष्टमीला नक्की म्हणून वचन दिलं. मी आठवडाभर रोज आठवण करून देत होतो. बोट धुतली, इंजिन तपासलं. सप्तमीच्या संध्याकाळी मी शेतात गेलो तर अण्णा टाकी उपसत होते. इंजिन तपासायला म्हणून आठवड्यापूर्वीच आणलेलं पेट्रोल होतं ते. त्यांचं म्हणणं, वास बदललाय. सगळं माझ्या गाडीत ओतलं आणि म्हणाले, सकाळी ताजं आणू, आलो की लगेच निघू. मी कपाळावर हात मारला, पण ताजं तर ताजं, एकदाचं होऊ दे, असं म्हणून घराकडे निघालो.

सकाळी आम्ही अंबाजोगाईच्या पंपावर पोचलो तेव्हा तिथं टँकर उभा होता आणि जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल सोडत होता. मला वाटलं, याहून ताजं ते काय असणार. अण्णा खाली उतरले, टँकरकडे बघत उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांचं म्हणणं, टँकर ओतला की तळाचा गाळ ढवळून वर येतो. तो बसायला संध्याकाळ होणार. मी दुसऱ्या पंपावर चला म्हणालो, तर म्हणाले, तिथलं कवाचं असंल कुणास ठाऊक. ते मागं बसले आणि म्हणाले, "चला सर. आज न्हाई. उद्या बगू."

माझा तोल गेला. मी गाडी चालू केली नाही. पंपावरची माणसं बघत होती, मला त्याचंही काही वाटलं नाही.

"अण्णा, पेट्रोल शिळं झालेलं तुम्हाला नुसत्या वासावरून कळतं," मी म्हणालो. "घरात बाईचे डोळे चाललेत, ते कळत नाही?"

अण्णा माझ्या पाठीमागूनच, माझ्याकडे न बघता बोलायला लागले. कचेरीत असताना एकदा साहेबांबरोबर ते याच बोटीत गेले होते. पाण्याच्या मध्यावर इंजिन बंद पडलं. टाकीत महिनोन्‌महिने पडलेलं पेट्रोल होतं. वारा सुटला आणि बोट बुडालेल्या बाभळींच्या खोडांवर जाऊन आदळायला लागली. शेवटी मासेमारी करणाऱ्यांनी दोर टाकून ओढून काढलं. कोणाला काही झालं नाही, साहेब नंतर हसलेसुद्धा. अण्णा हसले नव्हते.

"तवा समदे गडी व्हतो," ते म्हणाले. "ही संगं आसली आन मधीच बंद पडलं तर? हिला दिसंना, आन मला पवता येत न्हाई, सर."

बोटीचा मालक, आणि पोहता येत नाही. मी मागं वळून त्यांच्याकडे बघतच राहिलो. हे माईंना कधी सांगितलंत का, म्हणून विचारलं. नाही म्हणाले. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मी आणखीच चिडलो. भीती वाटते एवढं एक वाक्य बोलायला नको म्हणून या माणसानं इतकी वर्षं सगळ्या घराचं नाक टाकीत घातलं होतं, माझ्या गाडीची वाट लावली होती, आणि एक बाई दरवर्षी काठावरून ताट परत आणत होती. मी गाडी थेट वडगावला हाकली.

घरी माई नव्हत्या. शेजारच्या बाईनं सांगितलं, हिरवी साडी नेसून, ताट पदराखाली घेऊन, काठी टेकत शेताकडे गेल्यात. ती सोबत यायला निघाली होती, पण माईंनी नको म्हटलं.

आम्ही शेतात पोचलो. बोट तिथंच होती. काठावर माईंच्या चपला व्यवस्थित शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. अण्णांनी डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे बघितलं. दूर, अर्ध्याच्या पलीकडे, मासेमारीचा थर्माकोलचा तराफा चालला होता. त्यावर एक माणूस वल्हवत होता आणि एक हिरवा ठिपका बसला होता. वारा सुटला होता, पाणी काठावर आपटत होतं.

अण्णा बोटीत चढले आणि तिथंच थबकले. टाकी कोरडी होती. त्यांनीच कोरडी केली होती.

मग मी अण्णांना जे करताना पाहिलं ते पुन्हा कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. ते उडी मारून खाली आले, माझ्या गाडीशी गुडघे टेकून बसले आणि तोटीची नळी ओढून काढली. काल संध्याकाळी नासलं म्हणून टाकून दिलेलं पेट्रोल त्यांनी डब्यात धरलं. वास घेतला नाही, फडक्यानं गाळलं नाही, बाटलीत रेघ बघितली नाही. घाईत अर्धं मातीत सांडलं. उरलेलं बोटीत ओतून त्यांनी दोरी ओढली आणि इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं. इतक्या वर्षांत इतक्या गोड आवाजात ते कधी चालू झालं नव्हतं. मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं, पण मी बोट ढकलून आत उडी घेतली.

सबंध वाटेत अण्णा बसले नाहीत. दांडा धरून उभे होते, ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होते की तिचं, ते मला इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. आम्ही पोचलो तोवर तराफा टेकाडाला लागला होता. वल्हवणारा म्हातारा काठावर बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, हात धरून न्यायला लागलो तर बाई नको म्हणाल्या, म्हणाल्या तिथं माझी मी जाते, तिथला दगड नं दगड मला पाठ हाय.

माई लिंबाखाली बसल्या होत्या. पाठमोऱ्या. ताट शेजारी, डोक्यावर पदर. समोर जुन्या पाराचे दगड अस्ताव्यस्त पडलेले. त्यांनी कुंकू लावून ओटी भरली होती, नारळ, खण, तांदूळ, सगळं नीट मांडलं होतं. आम्ही जवळ गेलो आणि मी थांबलो. अण्णाही थांबले.

कुंकू पाराच्या एका साध्या दगडाला लावलेलं होतं. देवीचा तांदळा त्याच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर होता. त्यावरचा जुना शेंदूर पावसानं फिका झाला होता, आणि तो तसाच उघडा होता.

माईंना पावलांवरून कळलं. त्यांनी वळून बघितलं नाही. "आलाव का," एवढंच म्हणाल्या. मग बोटानं त्या दगडाकडे दाखवून म्हणाल्या, "कुंकू मधोमध लागलंय का बगा जरा. मला नीट दिसंना झालंय."

अण्णा वाकले. ज्या माणसानं आठवड्याच्या पेट्रोलला कधी ताजं म्हटलं नव्हतं, तो माणूस त्या दगडावर वाकून खूप वेळ बघत राहिला. लेकीशिवाय कोणी हात लावायचा नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांचे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले मला दिसत होते.

"लागलंय," ते म्हणाले. "बराबर मधोमध लागलंय."

माईंनी माझ्या दिशेनं तोंड केलं. "खरं का वो सर?"

मी हो म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हात टेकून त्या साध्या दगडावर डोकं ठेवलं, आणि अण्णांनीही त्यांच्या शेजारी बसून, दगडाला हात न लावता, जमिनीवर डोकं टेकलं. मी बाजूला उभा होतो. इतक्या वर्षांचा माझा सगळा राग आजही उतरलेला नाही. मागच्या नवरात्रात माईंना स्वच्छ दिसत होतं.